पुण्याच्या थंडीत शोभेची केळ दरवर्षी का कुजते?

तक्रार बहुतेक अशी असते. जून-जुलैत लावलेली लालसर पानांची केळ ऑक्टोबरपर्यंत माणसाच्या डोक्यावर जाते, दिवाळीला अंगणाची शोभा होते, डिसेंबरच्या मध्यावर तिचे नवे पान अर्धे उलगडून थांबते, जानेवारीत खालची पाने पिवळी पडतात आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऊन तापू लागल्यावर आणि आता धोका टळला असे वाटू लागल्यावर, मधले गुंडाळलेले कोवळे पान नुसत्या हाताने ओढताच सुटून येते. केळी उत्पादक ज्याला पोंगा म्हणतात तेच हे पान. त्याचे खालचे टोक तपकिरी आणि बुळबुळीत असते व त्याला सडलेल्या कांद्यासारखा वास येतो. पाषाणला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या माझ्या बागेत हा प्रकार लागोपाठ तीन वर्षे घडला. पहिल्या वर्षी मी थंडीला दोष दिला आणि दुसऱ्या वर्षी बुरशीला. तिसऱ्या वर्षी मेलेले झाड फेकण्याआधी कंद उभा चिरून पाहिला, तेव्हा कुठे खरा गुन्हेगार दिसला. तो म्हणजे थंडीच्या दिवसांत मी रोज सकाळी नेमाने घातलेले पाणी.

थंडीचा काहीच दोष नाही असे मला म्हणायचे नाही. पुण्यात जानेवारीचे सरासरी किमान तापमान ११ अंशांच्या आसपास असते. शिवाजीनगरच्या नोंदीतला जानेवारीचा नीचांक १७ जानेवारी १९३५ रोजीचा, १.७ अंश सेल्सिअसचा आहे. तसली रात्र आपल्या वाट्याला सहसा येत नाही. पण पाषाण, एनडीए (खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी) आणि हवेलीतल्या मोकळ्या भागांत पारा शिवाजीनगरच्याही खाली उतरतो, तर लोहगाव किंवा मगरपट्ट्याकडे त्याच रात्री काही अंश जास्त ऊब असते. म्हणून 'आमच्या वडगाव शेरीच्या गच्चीत तर काही होत नाही' हा अनुभव खरा असूनही पाषाणच्या माणसाच्या उपयोगाचा नसतो. केळीला नवे पान बाहेर काढण्यासाठी साधारण १६ अंशांच्या वरचे तापमान लागते. त्याखाली ती मरत नाही, नुसती थांबते. पुण्याच्या जानेवारीत दुपारी पारा तिशीला टेकत असला, तरी कुंडीतली माती सकाळी अकरापर्यंत गार असते आणि झाडाचा अर्धा दिवस असा थांबण्यातच जातो. थांबलेले झाड पाणी ओढत नाही, आणि आपण मात्र ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात लागत होते तेवढेच पाणी घालत राहतो. ते मातीत साचते, मुळांना हवा मिळत नाही, मुळे मरतात आणि मेलेल्या मुळांतून जिवाणू कंदात शिरतात. कूज डिसेंबर-जानेवारीतच सुरू झालेली असते. फेब्रुवारीत ऊन वाढले की जिवाणूंचा जोर वाढतो आणि झाडही पाणी मागू लागते, म्हणून ती तेव्हा उघडकीस येते इतकेच.

हे समजण्यासाठी केळीची रचना लक्षात घ्यावी लागते. ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते खोड नव्हेच. पानांच्या देठांची सोपटे एकात एक घट्ट गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि झाडाचा वाढणारा कोंब फुलोऱ्याची वेळ येईपर्यंत त्या कंदाच्या माथ्यावर, जमिनीच्या पातळीला असतो. प्रत्येक नवे पान तिथून निघून खांबाच्या पोकळीतून वर येते. म्हणजे सात फूट उंच झाडाचा प्राण कुंडीतल्या सर्वांत ओल्या थराला टेकून बसलेला असतो, आणि आपण थंडीच्या भीतीने वरच्या खांबाला गोधडी पांघरतो.

पहिल्या वर्षी मी नेमके तेच केले होते. माझा भाचा मँचेस्टरला असतो आणि त्याच्या अंगणात जपानी केळ, म्हणजे मुसा बास्जू, गेली काही वर्षे टिकून आहे. मूळची दक्षिण चीनकडची ही जात थंडीला सर्वांत चिवट समजली जाते. तिचा जमिनीवरचा भाग हिमाने काळा पडला, तरी आच्छादनाखालचा कंद जगतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. नोव्हेंबरच्या सुमारास तो तिची पाने छाटतो, खांबाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल उभी करतो आणि जाळीत कोरडा पेंढा दाबून भरतो. त्याने पाठवलेले फोटो पाहून मी बाजारातून गोणपाट आणि फुगे असलेले प्लॅस्टिक आणले व माझी केळ पुस्तकाला कव्हर घालावे तशी गुंडाळली. दुपारी पारा तिशीला आणि रात्री नऊला, अशा हवेत प्लॅस्टिकच्या आत दवाच्या धारा लागल्या. पंधरा दिवसांनी ते सोडले तेव्हा सोपटांच्या खाचांत पाणी उभे होते आणि बाहेरची दोन सोपटे लगद्यासारखी झाली होती. भाच्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, पेंढ्यापेक्षा वरचं झाकण महत्त्वाचं. आत पाणी गेलं की संपलं." फोटोत ते झाकण होते. मला ते दिसले नव्हते.

विलायतेतली एकेक युक्ती या नजरेने पुन्हा पाहिली की तिच्या पोटात कोरडेपणाच सापडतो. तिकडे एन्सेटे जातीची लाल केळ हिमापूर्वी मुळासकट उपटतात, पाने कापतात, माती झटकतात आणि सोपटांतले पाणी निथळावे म्हणून काही दिवस उलटी करून ठेवतात. मग वसंतापर्यंत ती गोठणार नाही अशा खोलीत जवळजवळ कोरडी पडून असते. महिनोन्महिने पाण्याविना राहिलेले हे झाड पुन्हा लावले की फुटते. त्यांचे पांघरूण आपण उचलले आणि कोरडेपणा तिथेच सोडला. पुण्यात पाला गोठवणारे हिम सहसा पडतच नसल्याने आपल्याला गरज होती ती नेमकी दुसऱ्या गोष्टीची.

एक सल्ला आपल्या घरचाही आहे, आणि तो कुंडीला लागू पडत नाही. थंडीने पिवळ्या पडलेल्या पानांना जळगाव-रावेरकडे 'चरका' पडला असे म्हणतात, आणि तिथे अशा रात्री बागेला पाणी देण्याचा व काडीकचरा पेटवून धूर करण्याचा उपाय सांगितला जातो. शेताच्या बाबतीत तो बरोबर आहे. कारण विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जमिनीखालून येत असल्याने पहाटेच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते आणि ते एकरभर पसरून बागेतली हवा थोडी वर आणते. आपल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी मात्र रात्रभर उघड्या आभाळाखाली गार झालेले असते. ते सकाळी सात वाजता कुंडीत ओतणे म्हणजे थंडीने आखडलेल्या मुळांवर आणखी गारवा घालणे होय, आणि कुंडीत त्या पाण्याला पसरायलाही जागा नसते.

आता निदान. पिवळे पान दिसताच औषध आणायला धावू नये; आधी पोंगा दोन बोटांत धरून हलकेच ओढावा. तो घट्ट असेल, तर झाड झोपलेले आहे आणि त्याला तसेच झोपू द्यावे. तो सैल लागला किंवा हातात आला, तर कूज कोंबापर्यंत पोहोचली आहे. नंतर खराट्याची एक कोरडी काडी बुंध्यापासून चार बोटे दूर, वीतभर खोल खुपसावी, पाच मिनिटे तशीच ठेवावी आणि बाहेर काढावी. काडी काळपट होऊन तिला माती चिकटून आली तर खाली भरपूर ओल आहे, मग वरची माती कितीही भेगाळलेली दिसो. हल्ली रोपवाटिकांतली बहुतेक रोपे कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात आणि कोकोपीट वरून भुसभुशीत कोरडे व आतून पिळून काढावे इतके ओले राहते, त्यामुळे बोटाने वरवर चाचपणे थंडीत हमखास फसवते. शेवटी काडीचा वास घ्यावा. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास असतो, आंबलेल्या मातीला नासलेल्या ताकासारखा.

पाण्याचा संशय खोटा ठरला तर इतर कारणे तपासावीत; त्यांपैकी काही हिवाळ्यातच ठळक दिसतात, पण त्यांचे मूळ आधीचे असते. करपा म्हणजे सिगाटोका पावसाळ्यात सुरू होतो. त्यात पानाच्या बारीक शिरांना समांतर पिवळ्या रेषा येतात आणि पुढे त्यांचे मध्यभागी राखाडी, कडेला पिवळे असे लांबट ठिपके होतात. थंडीचा पिवळेपणा असा ठिपक्यांचा नसतो, तो सरसकट आणि फिकट पितळी रंगाचा असतो आणि उघड्या आभाळाकडे तोंड असलेल्या पानांवर जास्त असतो. जुन्या पानांच्या कडा टोकाकडून नारिंगी-पिवळ्या होऊन आत वळत असतील, तर पालाशची (पोटॅशची) कमतरता समजावी. कडा सरळ तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या असतील, आणि सोसायटीला बोअरचे पाणी येत असेल, तर क्षार हे कारण जवळचे. झाड उगाच डुगडुगत असेल, तर कंद चिरून पाहावा: आत काळसर बोगदे आढळले तर कंद पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याचे काम, तांबूस-तपकिरी ठिपके आणि धागे दिसले तर मर रोगाचा संशय. निरोगी कंद आतून मलईसारखा पांढरा आणि ओल्या सुरणासारखा टणक असतो. माझा तिसऱ्या वर्षीचा कंद खालच्या बाजूने चहात बुडवलेल्या पावासारखा झाला होता, वरची दोन बोटे मात्र अजून पांढरी होती. आठवडाभर आधी चिरला असता तर कदाचित वाचला असता.

जात कोणती हेही विचारात घ्यावे. पुण्यातल्या रोपवाटिकांत 'लाल केळ' या एकाच नावाखाली किमान दोन निराळी झाडे विकली जातात. पानांवर मरून रंगाचे शिंतोडे असलेली झेब्रिना ही उष्ण आणि दमट बेटांवरची. थंडीने सर्वांत आधी तीच रुसते, पण तिला मुनवे, म्हणजे कंदाच्या बाजूने फुटणारी पिल्ले, येत असल्याने मुख्य झाड गेले तरी जूनमध्ये बाजूने नवे फुटण्याची आशा असते. जाड बुंध्याची आणि संपूर्ण पान लालसर असलेली एन्सेटे मात्र इथिओपियाच्या डोंगराळ पठारावरची आहे. तिला गारवा झेब्रिनापेक्षा अधिक मानवतो, पण तिला सहसा मुनवे येत नाहीत. कोंब कुजला की झाड संपले. तिकडचे शेतकरी तिचा कंद मुद्दाम कापून मधला कोंब काढून टाकतात, तेव्हा कंदाच्या कडेने अनेक फुटवे येतात, आणि लागवड त्यावरच चालते. कुजलेल्या कंदाचा वरचा पांढरा भाग राखता आला, तर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. ईशान्य भारतातली, मखमली गुलाबी फळांची व्हेल्युटिना या दोहोंपेक्षा कमी कुरकुर करते. पाषाणसारख्या जागी पहिलीच केळ लावायची असेल तर मी तिचेच नाव घेईन.

सर्वांत मोठा धडा मात्र घरापासून तासाभराच्या अंतरावर होता. सह्याद्रीच्या कड्यांवर रानकेळ वाढते. कोणी तिला कवदर म्हणते, कोणी चवेणी. पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला जाताना उभ्या कातळाच्या खाचेत तिची पाने हलताना दिसतात. पाऊस सरला की ती पाने वाळून गळतात आणि पुढचे सगळे कोरडे महिने तिथे उरतो तो नुसता फुगीर बुंधा, मुठीएवढ्या मातीत, पाण्याचा थेंब नसताना. वळवाच्या सरी आल्या की त्यातून पुन्हा पान निघते. एन्सेटेच्याच कुळातली ही आपली केळ हिवाळ्याचा प्रश्न पाणी बंद करून सोडवते, हे मी कितीदा तरी पाहिले होते आणि घरी येऊन कुंडीत पाइप धरला होता. बियांपासून वाढवलेली रानकेळ कोणाकडे असेल, तर नोव्हेंबरमध्ये तिची पाने गेल्यावर ती मेली समजून फेकू नये आणि जगवायची म्हणून पाणीही घालू नये. डोंगरावरून कंद उपटून आणणे तर सरळच चूक आहे.

तिसऱ्या वर्षानंतर मी जे बदलले ते असे. सप्टेंबरअखेर शेणखत आणि युरिया बंद करतो, कारण थंडीच्या तोंडावर आलेली लुसलुशीत पाने टिकत नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये एकदा पालाशयुक्त खत देतो. कुंडीखालची ताटली दसऱ्यानंतर उचलून ठेवतो व कुंडी दोन विटांवर चढवतो. रात्रीचा पारा १५ च्या खाली जाऊ लागला, म्हणजे आमच्याकडे साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर, की वेळापत्रकाने पाणी घालणे थांबते आणि काडीचा कौल सुरू होतो. काडी वीतभर कोरडी निघाली तरच पाणी, तेही सकाळी दहानंतर, उन्हात ठेवलेल्या बादलीतले, आणि बुंध्यावर किंवा पोंग्यात न पाडता कुंडीच्या कडेने. पंधरा इंची कुंडीला जानेवारीत मला आठ-दहा दिवसांतून एकदा लिटर-दीड लिटर पुरले. जमिनीतल्या झाडाला त्याहूनही कमी वेळा लागते. मात्र काळ्या मातीत लावलेले असेल, तर खड्ड्यात मुरूम आणि जाड वाळू मिसळून बुंध्याभोवती उंचवटा केलेला बरा. पाल्याचे आच्छादन घालावे, पण ते बुंध्याला भिडू देऊ नये.

जागेचाही उपयोग होतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्या गच्चीवरची कुंडी आभाळाकडे आपली ऊब सोडते, तर दक्षिणेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या भिंतीला टेकवलेल्या, वर सज्जा असलेल्या कुंडीला दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब परत देते. पारा आठच्या खाली जाणार असेल, तर एक जुनी सुती चादर रात्री टाकावी आणि सकाळी नऊपर्यंत काढावी. प्लॅस्टिक नको. पाने कुरूप दिसतात म्हणून हिरवा भाग असलेले पान कापू नये.

या सगळ्यात अवघड काम पाणी न घालण्याचे आहे, आणि ते दुसऱ्याकडून करून घेणे त्याहून अवघड. आमच्या माळीकाकांना सर्व झाडांना रोज पाणी घालण्याची तीस वर्षांची सवय. एखाद्या झाडाला तहानलेले ठेवा असे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर मी कोणाला उपाशी ठेवायला सांगत असल्यासारखा भाव येतो. अखेर ज्या कुंड्यांना हात लावायचा नाही त्यांच्या बुंध्याला मी लाल सुतळी बांधली. ठिबक आणि टायमर लावलेल्यांनी केळीची नळी नोव्हेंबरमध्ये सरळ बुच मारून बंद करावी.

कूज सुरू झालेलीच असेल, तर पाणी पूर्ण थांबवून धारदार, पुसून स्वच्छ केलेल्या सुरीने खांब वरून चार-चार बोटांच्या चकत्या करत खाली कापत यावे. काप स्वच्छ पांढरा लागला आणि मध्यभागी तपकिरी ठिपका उरला नाही, की थांबावे. कापावर पाऊस किंवा पाइपचे पाणी पडू देऊ नये, त्यावर उलटे मडके ठेवले तरी चालते, फक्त हवा खेळली पाहिजे. कॉपर ऑक्सिक्लोराईडचे द्रावण वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात बुंध्याभोवती ओतता येते, परंतु माती ओलीच राहणार असेल तर त्याचा उपयोग नाही. कोंब जिवंत असेल, तर ऊन वाढल्यावर कापाच्या मध्यातून हिरवी नळी वर सरकते. मार्चमध्ये ती एका दिवसात बोटभर वाढलेली मी पाहिली आहे.

फेब्रुवारीत दुपार तापली म्हणून लगेच पाणी आणि खत वाढवू नये. पोंगा जिथून सोपटाबाहेर येतो, तिथे त्याच्यावर आणि शेजारच्या देठावर बॉलपेनने एकच आडवी रेघ ओढावी. चार-पाच दिवसांनी दोन रेघा वर-खाली सरकलेल्या दिसल्या तर झाड जागे झाले आहे. मग पाणी टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि दुसरे नवे पान पूर्ण उलगडल्यावर खत सुरू करावे. रेघा जुळूनच असतील तर आणखी आठवडाभर थांबावे. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास, म्हणजे जानेवारीअखेर, नवी केळ विकत घेणाऱ्यांनीही हीच रेघ ओढावी आणि ती सरकेपर्यंत रोप आणलेल्या पिशवीतच, पिशवीच्या तळाला भोके आहेत याची खात्री करून, भिंतीच्या कडेला ठेवावे. घरी आणताच मोठ्या कुंडीत हलवून भरपूर पाणी घातलेली माझी दोन रोपे होळीपर्यंतही टिकली नाहीत.